दोष कोणाच्या घशात

एकदा एका व्यापाऱ्याच्या घरी महिन्याभराचं नातवंड धापा टाकू लागलं. पेठेतल्या वृद्ध डॉक्टरीणबाई आल्या, सोबत त्यांचा तरुण शिष्य. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी गोधडीनं बुजवलेली, बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा, शेपा, लसणाच्या साली. डोळे उघडवेनात एवढी धुरी. बाळाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात होत्या.

"न्युमोनिया," बाई म्हणाल्या. बाळाला तडक दवाखान्यात हलवलं, प्राणवायू लावला, शिरेतून प्रतिजैविक सुरू केलं. आधी औषध, मग उपदेश. हा क्रम ज्याला कळत नाही त्यानं शहाणपण शिकवू नये.

इकडे घरानं गुन्हेगार ठरवूनही टाकला: बाळाला न्हाऊ घालणारी कोंडाबाई.

"खोकत होती मेली! तिनंच रोग आणला," आजी कडाडल्या. शेठनी तिला काढली. पेठेत बोभाटा झाला, बाकीच्या घरांनीही दारं लावली. शिष्यालाही ते पटलं. शिकलेल्यांना असलं लवकर पटतं.

"बाई, उगम शोधायलाच हवा."

"शोध की."

बाईंनी कोंडाबाईला बोलावून घेतलं आणि तिच्यासकट तिघांच्या घशांतून कापसाचे बोळे फिरवले. जंतूंची वाढ झाल्यावर तीन बशा शिष्यापुढे मांडल्या, नावं झाकून. शेठ आणि आजीही उभे होते. "बाळाच्या रक्तात सापडला तो जंतू कुठं जास्त?"

दोन बशांत थोडी वाढ होती, तिसरीत भरघोस. शिष्यानं तिसरीवर बोट ठेवलं. "ही! हीच कोंडाबाई."

"ती मी आहे," बाई म्हणाल्या.

शेठ दोन पावलं मागं सरकले.

"पळता कुठं शेठ? दुसरी बशी तुमची. हा जंतू कित्येकांच्या नाकाघशात बिऱ्हाड करून असतो आणि बहुधा काही करत नाही. कारण श्वासनलिकेच्या आत अतिसूक्ष्म केस असतात. ते अहोरात्र हलतात. चिकट स्राव, धूळ, जंतू, सगळं वर ढकलतात. धुरानं ते केस लुळे पडतात. स्राव साचतो, जंतू फुफ्फुसात उतरतो. त्याच्या अंगावर बुळबुळीत कवच, रक्तातल्या पांढऱ्या पेशींना तो धरता येत नाही. मग शरीर आणखी पेशी पाठवतं, पाणी पाठवतं. जिथं हवा खेळायची तिथं पू भरतो. बाळाला जंतू कुणी दिला, देव जाणे. खोकत असताना बाळाला हात लावू नये, हे कोंडाबाईलाही सुनावीन. पण त्या जंतूला खाली वाट कुणी करून दिली?"

"आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या धुरी देतात," आजी उसळल्या. "माझी चार लेकरं वाढली त्यातच!"

"बाळंतपणं किती झाली तुमची?"

"सहा. दोघं गेली... छाती भरून. दृष्ट लागली होती त्यांना..."

आजी बोलता बोलता थांबल्या. डॉक्टरीणबाईंनी बशा आवरायला घेतल्या. जे माणसाला स्वतःच कळलं, ते पुन्हा सांगणं हा क्रूरपणा. शिष्यानं मान खाली घातली.

हळूहळू बाळाचा श्वास निवला, ते दूध ओढू लागलं. त्या दिवशी आजींनी पायांत वहाणा घातल्या आणि थेट कोंडाबाईचं दार गाठलं.

"आता काय राहिलं बोलायचं?" कोंडाबाई उंबऱ्यातूनच म्हणाली.

"तुला नाही, पेठेला बोलायचंय. चल माझ्याबरोबर. ज्या ज्या दारात तुझं नाव घेतलं, त्या त्या दारात आता माझं घेते."