जरा बाजूला व्हा

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात श्रीरंग नावाचा फोटोग्राफर राहत होता. आसपासच्या साऱ्या गावांत मिळून कॅमेरा त्याच्या एकट्याकडे होता, तेव्हाची ही गोष्ट.

लग्नांचे आणि शाळेचे फोटो काढून श्रीरंगचं पोट भरत असे. जीव मात्र दुसरीकडे होता. त्याला तळ्यावरचे बगळे आवडत, फुललेला पळस आवडे. देवळाच्या भिंतीवर कोणा जुन्या चिताऱ्याने रंगवलेले हत्तीघोडे आवडत, आणि चैत्रात निघणारी वाघजाईची पालखी तर फारच आवडे. या सगळ्याचे फोटो तो मन लावून काढी. एका बगळ्यासाठी अर्धा दिवस चिखलात उभा राही.

त्याची अट एकच होती. चौकटीत मध्येच कोणी माणूस येता कामा नये. पळसाखाली शेळ्या बसलेल्या असल्या तर तो शेळ्याही उठवी आणि धनगरालाही. देवळाच्या भिंतीला पाठ टेकून म्हातारे ऊन खात बसत, त्यांनाही उठवी. "जरा बाजूला व्हा," हे त्याचं वाक्य गावाला पाठ झालं होतं. तो लांबून दिसला तरी म्हातारे म्हणत, "उठा रे, बाजूलाराव आले."

श्रीरंग रागवत नसे. फोटो छापून आणला की हेच म्हातारे तो बघायला गर्दी करत.

"आपलं गाव किती नितळ दिसतंय हो यात!" एकदा कोणीतरी म्हणालं.

"आपण न्हाई ना त्यात," धोंडू गुरव म्हणाला.

धोंडू गुरव वाघजाईची पूजा करी. त्याच्या तोंडाला सहसा कोणी लागत नसे.

गावात पालखीचे दोन रिवाज होते. पालखी ज्या आळीतून जाई, त्या आळीत वाटेवर रांगोळी घालत, आणि भोयांनी ती तुडवूनच पुढे जायचं असे. पालखीखाली रांगोळी मोडली तरच देवी त्या आळीतून गेली असं मानत. दुसरा रिवाज गेलेल्या माणसांचा. ज्या घरातलं कोणी त्या वर्षात वारलं असेल, त्या घरी सण नसे. पण पालखी त्या दारात थांबे. गेलेल्याचा फोटो पाटावर ठेवत आणि गुरव त्याच्या कपाळाला भंडारा लावी. फोटो नसेल तर पाट रिकामाच ठेवत. भंडारा मग लाकडाला लागे.

देवळाजवळच्या आळीतली रांगोळी सगुणा घाली. ती विधवा होती, दुसऱ्यांच्या शेतात कामाला जाई. चैत्रातल्या त्या सकाळी मात्र ती वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत वाकत वाकत सरके, आणि तिच्या मागे मोर उमटत, वेली उमटत, वाघावर बसलेली देवी उमटे. ठिपके न देता काढी. श्रीरंग दर वर्षी त्या रांगोळीचा फोटो घेई. आणि दर वर्षी म्हणे, "सगुणाबाई, सावली पडतेय. जरा बाजूला व्हा."

"झालं, भाऊ," असं म्हणून सगुणा हात झटकत बाजूला होई.

एका वर्षी ऊन ढगाआड गेलं आणि तेवढ्यात पालखी आली. श्रीरंग वाटेत आडवा उभा राहिला. भोई थांबले. खांद्यावर ओझं, पायाखाली तापलेली वाट.

"अरे, देवीला ताटकळत ठेवतोस होय?" धोंडू गुरव ओरडला.

"एवढी सुंदर रांगोळी मोडेल. ऊन येऊ द्या," श्रीरंग म्हणाला.

"मोडू दे की, भाऊ," कडेला उभी असलेली सगुणा म्हणाली. "मोडायलाच काढली हाय."

श्रीरंग हलला नाही. ऊन आलं, त्याने फोटो घेतला, मग पालखी गेली. तो फोटो फार चांगला आला. शहरातल्या एका प्रदर्शनात तो लागला आणि त्याच्याखाली श्रीरंगचं नाव लागलं. गावाला अभिमान वाटला. सगुणानेही श्रीरंगच्या दुकानात येऊन तो पाहिला. "ही मी काढलेली?" असं विचारून ती हसली आणि कामाला गेली.

पुढे एका माघात तिला ताप आला आणि त्यात ती गेली.

तिला एक मुलगी होती, हौसा. ती पलीकडच्या गावी दिलेली होती. चैत्र लागला तशी हौसा माहेरचं बंद घर उघडायला आली आणि सगळ्यात आधी श्रीरंगच्या दुकानात गेली.

"मामा, आईचा फोटो द्या," ती म्हणाली. आई त्याला भाऊ म्हणे, म्हणून लेक मामा म्हणे. "पालखी दारात थांबल. पाट रिकामा नको."

"माझ्याकडे?"

"मग आणि कुणाकडं? माझ्या लग्नात फोटोवाला बोलवायची ऐपत नव्हती. तुम्ही तर दर साली तिच्यासमोर उभं राहायचा."

श्रीरंगने कपाटातले फोटो काढून तिच्यापुढे ठेवले. रांगोळ्या निघाल्या. मोर निघाले, वेली निघाल्या, वाघावरची देवी निघाली. हौसा प्रत्येक फोटो जवळ धरून बघे आणि खाली ठेवी. श्रीरंग तिच्याकडे बघत नव्हता.

रांगोळ्या संपल्यावर दुसरे फोटो निघाले. त्यांत एक नदीचा होता. कार्तिकातली पौर्णिमा, घाटाच्या पायऱ्यांवर दिवे, आणि खालच्या पायरीवर पाठमोरी वाकलेली एक बाई. पदर डोक्यावरून घेतलेला, गालाची नुसती कड दिसत होती.

हौसाचा हात थांबला.

"ही बघा! ही आईच! एकदा कार्तिकात गेली होती हो ती नदीला. असाच पदर घ्यायची." ती रडायला लागली आणि रडता रडता हसली. "मला वाटलंच होतं, तुमच्याकडं असणार."

ती बाई सगुणा नव्हती. श्रीरंगला हे पक्कं ठाऊक होतं. ती घाटावरच्या नावाड्याची बायको होती. श्रीरंगनेच तिला त्या पायरीवर बसवलं होतं, आणि चेहरा दिसला तर दिव्यांकडे कोणाचं लक्ष जाणार नाही म्हणून तोंड फिरवायला सांगितलं होतं.

त्याने तोंड उघडलं. मग हौसाकडे पाहिलं आणि मिटलं.

"मोठा करून देतो," तो म्हणाला.

हौसा पाया पडून गेली. श्रीरंगने स्वतःला समजावलं की पोरीचं मन मोडू नये. त्यात दया थोडी होती. बाकी सुटका होती.

दुसऱ्या दिवशी त्याने अंधाऱ्या खोलीचा पडदा ओढला आणि ती निगेटिव्ह यंत्रात घातली. पाठमोरी बाई कागदावर मोठी झाली. गालाची कड मोठी झाली. परकी बाई होती. सगुणाचा गाल असा नव्हता.

मग कसा होता?

श्रीरंग आठवू लागला. त्याला मोराची मान आठवली. वेलीचं वळण आठवलं, देवीच्या वाघाचे पट्टे आठवले. सगुणा नाकात चमकी घालत होती की नव्हती, ते आठवेना. हसताना तिचे दात दिसत का, तेही आठवेना. इतकी वर्षं ती त्याच्यासमोर वाकलेली होती, आणि तो ती उठण्याची वाट बघत होता.

त्याने यंत्रातली निगेटिव्ह काढून ठेवली आणि रांगोळ्यांच्या निगेटिव्ह शोधायला घेतल्या. ज्यांत सगुणा चुकून आली होती, त्या बिघडल्या म्हणून त्याने तेव्हाच टाकून दिल्या होत्या. पण त्याची एक सवय होती. फोटो छापताना तो निगेटिव्हच्या कडा झाकून घेई आणि नको ते कागदावर येऊ देत नसे. झाकलेलं पुसलं जात नाही. एकेक निगेटिव्ह तो उजेडासमोर धरत गेला. प्रदर्शनात लागलेल्या फोटोच्या आधी त्याने एक फोटो घाईने घेतला होता. त्यात सगुणा पुरती बाजूला झाली नव्हती. कडेशी तिचा हात होता. मनगटापर्यंतच. मनगटावर गोंदलेलं तुळशीवृंदावन, आणि चिमटीतून सुटून अजून खाली न पोचलेली रांगोळीची धार.

चेहरा कुठेच नव्हता.

श्रीरंगने तो हात मोठा करून छापला. पालखीच्या आदल्या दिवशी सकाळी तो हौसाच्या दारात गेला. ती पाट धुऊन वाळत घालत होती.

"आणला?" तिने हात पुसले.

"हौसा, ती नदीवरची तुझी आई नव्हे."

"मग कोण?" हौसा म्हणाली.

"नावाड्याची बायको आहे ती. मीच बसवली होती."

"मग त्याच वेळी का न्हाई बोललात?"

"तुझा चेहरा बघून धीर झाला नाही."

"माझा चेहरा बघून, का तुमचा वाचवायला?"

हौसाने पुन्हा विचारलं, "इतक्या रांगोळ्या हायत तुमच्याकडं. आई कुठं हाय?"

"मी तिला बाजूला व्हायला सांगायचो."

"दर साली?"

"दर साली."

हौसाने पाट उचलून भिंतीला टेकवला. आत गेली. श्रीरंग दारातच उभा राहिला. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली तेव्हा त्याने हाताचा फोटो पुढे केला. तिने तो घ्यायचा म्हणून घेतला. मग तिची नजर मनगटावर गेली, आणि ती दारातच उंबऱ्यावर बसली.

"हे वृंदावन गोंदताना आज्जीनं धरून ठेवलं होतं तिला," ती म्हणाली. "सांगायची नेहमी." तिने फोटोतल्या मनगटावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "हा तुमच्या कपाटात पडून होता तर."

"हो."

"आणि तिनं येऊन विचारलं होतं तुम्हाला, ही मी काढलेली का म्हणून. मला सांगितलं होतं तिनं."

"हो."

हौसाने त्याला क्षमा केली की नाही, हे ती बोलली नाही. फोटो मात्र तिने परत दिला नाही.

दुसऱ्या दिवशी पालखी सगुणाच्या दारात थांबली. पाटावर हाताचा फोटो होता. धोंडू गुरव भंडाऱ्याची वाटी घेऊन पुढे झाला आणि थबकला.

"पोरी, भंडारा कपाळाला लावायचा असतो. इथं कपाळ कुठं हाय?"

"हाताला लावा," हौसा म्हणाली. "कपाळ देवीनं बघितलंय."

धोंडू गुरवाने तिच्याकडे पाहिलं. मग वाकून त्या हाताला भंडारा लावला. कडेला श्रीरंग कॅमेरा घेऊन उभा होता, तोही त्याला दिसला.

"श्रीरंगा, तुझा कधी कुणी फोटो काढलाय का रे?"

श्रीरंगने जरा विचार केला. "नाही."

"मग तुझ्या पाटावर आम्ही काय ठेवायचं? बगळा?"

लोक हसले. श्रीरंगही हसला, आणि मग त्याचं हसू थांबलं.

घरात सण नव्हता, पण रांगोळी आळीची होती, म्हणून त्या वर्षी हौसाने ती काढली होती. तिचा हात आईसारखा नव्हता. मोर कोंबडीसारखा दिसत होता आणि वेल मध्येच तुटली होती. पालखी उचलून भोई रांगोळीपर्यंत आले. श्रीरंगच्या हातात कॅमेरा बघून पुढचा भोई जुन्या सवयीने थांबला. हौसाही आपणहून मागे सरली. म्हातारे तर केव्हाच बाजूला झाले होते.

"घ्या लवकर," भोई म्हणाला. "खांदा दुखतोय."

"थांबू नका," श्रीरंग म्हणाला. "चाला. आणि हौसा, तू होतीस तिथंच ये."

भोई चालले, तेव्हा त्याने फोटो घेतला.

तो फोटो कुठल्या प्रदर्शनात गेला नाही. त्यात रांगोळी अर्धी पुसलेली आहे. भोयांचे पाय हललेले आहेत. कडेला हौसा आहे, तिची बोटं पांढरी आहेत आणि ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. मागे काहीतरी ओरडणारा धोंडू गुरव आहे, आणि भिंतीवरच्या हत्तीपुढे म्हातारे परत येऊन बसलेले आहेत. छापताना श्रीरंगने त्याची एकही कड झाकली नाही.

तात्पर्य: सुंदर काही दिसलं तर ते करणाऱ्या हातांना त्याच्याबाहेर ढकलू नये. माणूस गेल्यावर त्याची उणीव खोट्या आधाराने भरून निघत नाही. जे थोडं खरं उरलं असेल, तेवढंच पाटावर ठेवावं.