सोन्याच्या कासंडीतला चीक

एका राज्यात राजाला कधी शिंक येत नसे, आणि राजाच्या गोठ्यातलं वासरू आठ दिवस जगलं तर नवल. दोन्हींचं कारण एकच होतं, पण ते कुणाच्या टाळक्यात शिरत नव्हतं.

राजा सोमकेतूच्या आजोबांना एका मांत्रिकानं धार काढायची सोन्याची कासंडी दिली होती. व्यालेल्या गाईचा पहिला चीक हिच्यात पिळा, त्याचा खरवस खा, रोग शिवणार नाही, असं सांगून तो अंतर्धान पावला. तेव्हापासून पहिला चीक राजवाड्यात जाई. व्याल्यावर गाईची जार, म्हणजे वार, पडल्याशिवाय वासराला आचळ द्यायचं नाही, असा नेमही झाला. जार पडायला संध्याकाळ होई. तोवर वासरू उपाशी.

होता होता गोठ्यात एकच गाय उरली. हरणी, चौथ्या वेताची, गाभण. तिचं वासरू गेलं की वंश बुडाला. हैबती गवळ्यानं तिची आई पिळली होती, आजी पिळली होती. म्हातारा तोंडाचा फटकळ, पण गाईपुढे मेण.

एके सकाळी हरणीच्या पाठीवरची बगळी बोलली. हैबतीनं वैरण टाकता टाकता ऐकून घेतलं.

"हैबती, तीन कामं कर. व्यायच्या आधी दोन महिने हिची धार बंद कर, हिला आटव. ते दोन महिने हिला पोटभर सकस खायला घाल. आणि पहिला चीक लगेच वासराला पाज. उशीर झाला की त्याच्या पोटातलं दार मिटतं, मग चिकाचं बळ आत शिरत नाही."

"आणि राजा?"

"ते तू बघ. मी पाखरू आहे."

हरणी आटवली तसं राजवाड्यातलं दूध बंद झालं. कारभारी ओरडत आला. कास म्हणजे विहीर नव्हे, तिलाही विसावा लागतो, असं हैबतीनं त्याला सुनावलं. मग त्यानं घोड्यांचा हरभरा हरणीपुढे ओतला. घोडे सांभाळणारा मोतद्दार धावून आला, त्याला काठी दाखवली.

हरणी भर दुपारी व्याली. कालवड झाली. हैबतीनं कास धुऊन मडक्यात चीक पिळला. बगळीनं आपलं अंडं त्यात सोडलं. अंडं तरंगलं, इतका चीक दाट, पिवळाधमक. हैबतीची छाती फुगली.

एवढ्यात राजा स्वतः कासंडी घेऊन आला.

"हिच्यात ओत."

"नाही ओतत. महाराज, तुम्ही आजवर आजारी पडला नाहीत, ते या लेकरांच्या वाट्याचं बळ खाऊन."

"आणि उद्या पडलो तर?"

"काढा प्या. तुम्हाला वैद्य आहे. हिला एवढं मडकंच आहे."

कालवड उठत होती, पडत होती. मग राजानं कासंडी खाली ठेवली, शेणातच बसला आणि चिकात बोटं बुडवून तिच्या तोंडात दिली. बोटं चोखत चोखत तिनं मडकं रिकामं केलं. कासंडीला उभी चीर गेली. सोन्याची माती झाली.

आठव्या दिवशी कालवड गोठाभर उधळत होती. त्याच दिवशी दरबारात राजाला तीन शिंका आल्या. सगळे घाबरून उभे राहिले. दाराशी हैबती मिशीवर हात फिरवत म्हणाला, "बसा. माझी कालवड जगली."

त्या राज्यात आता खरवस तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा होतो. जरा पातळच होतो. राजा नाक पुसतो आणि वाटी पुढे करतो.