तुटक्या शेपटीची राजकन्या

एका राज्यात ओढ्यांचं पाणी कुजक्या पानांनी काळंभोर झालेलं असे, आणि अशाच एका ओढ्याकाठी राजा मेघांक डोकं धरून बसला होता. कारणही तसंच होतं. त्याची एकुलती एक लेक मृणालिनी जलकूट मांत्रिकाच्या दाढीला हसली, म्हणून त्या मेल्याने तिला सुरीमासा करून ओढ्यात सोडलं. बोटभर लांब, सुरीच्या पात्यासारखा चपटा मासा. अन् तसे हजारभर मासे त्या पानांत!

मांत्रिक म्हणाला, "तीन दिवस, तीन माणसं. कोणी ओळखून हाक मारली तर सुटेल. नाहीतर जन्मभर मासाच."

पहिल्या दिवशी सेनापतीने जाळं टाकलं. वर आली दोन टोपल्या पानं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या राजपुत्राने झडप घालून एक मासा धरला. मासा हिसका देऊन सुळकन निसटला, आणि राजपुत्राच्या मुठीत राहिलं शेपटीचं टोक. अहो, लेकीबाळीला असं धरतात का?

तिसऱ्या दिवशी म्हातारी दाई येसूआई काठी टेकत आली.

"महाराज, मी जाते."

"आई, तुला तर दिसत नाही."

"बघणाऱ्यांनी कोणते दिवे लावले?"

फांदीवरचा खंड्या पक्षी हसला. "म्हातारे, ऐक. हे मासे अंगातून झिणझिणी सोडतात. प्रत्येकाची निराळी. पाणी ढवळू नकोस."

"बरं. आणि तू आज उपास कर हो," येसूआई म्हणाली.

त्या राज्यात कोणाच्याही दारात "येऊ का?" विचारून थांबायची रीत होती. ओढ्याला मात्र कोणी विचारलंच नव्हतं. येसूआईने विचारलं, थांबली, मग एक बोट पाण्यात सोडलं. झिणझिण्या आल्या नि गेल्या. सूर्य कलला.

आणि मग आली एक झिणझिणी. दोनदा, थांबून, एकदा. तान्ही मृणालिनी दाईचं बोट अस्संच दाबून निजायची.

"मृणा! माझी बाय गं ती!"

गुडघाभर पाण्यात राजकन्या उभी, डोक्यावर पानं, वेणी वीतभर आखूड! काठावरच्या राजपुत्राने कालपासून मिटलेली मूठ शरमेने उघडली, तर आत केसांची बट.

"असू दे," ती हसली. "शेपटी वाढतच होती, वेणीही वाढेल."

जलकूटाची विद्या त्या क्षणी पाण्यात विरघळली, दाढीसकट. तेव्हापासून तिथे "येऊ का?" विचारल्याशिवाय ओढ्यात कोणी पाऊल टाकत नाही.

नगारे वाजले, साखर वाटली गेली. गर्दीतून घरी जाताना येसूआईचं बोट कोणीतरी दाबलं. दोनदा, थांबून, एकदा.