मथुराचा पेला

“मग ह्या पेल्यात फुंकलं कोणी?”

दिगंबर गुरुजींनी विचारलं.

“कुणीच नाही, गुरुजी! तेच तर पोरांच्या टाळक्यात शिरत नाही,” सुदाम ठोंबरे म्हणाला.

सुदाम सातवीचा विज्ञानमास्तर. गुरुजींच्याच हाताखाली शिकलेला. बी.एस्सी. झाला आणि मान ताठली. म्हाताऱ्याला बोलावलं तेही अडलं म्हणून.

भुताखेताचं मी सांगत नाही. झालं ते सांगतो.

शुक्रवारी त्यानं पोरांना चुन्याची निवळी दिली. ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी लावलेला काचेचा पेला. पपईच्या देठाच्या नळीनं फुंकलं, की निवळी दुधासारखी पांढरी. मथुराची पाळी यायच्या आत घंटा झाली.

“तू सोमवारी फुंक,” हा म्हणाला.

रविवारी पाणी शेंदताना मथुरा विहिरीत पडली. गेली.

सोमवारी वर्ग उघडला, तर तिचा पेला पांढरा. वर साय धरलेली.

पोरं पळाली ती तीन दिवस फिरकली नाहीत. उद्याही आली नाहीत, तर हेडमास्तर प्रयोगाच्या कपाटाला कायमचं कुलूप घालणार होते.

“भित्रट लेकाची! शंभरदा सांगितलं. हवेत कर्बवायू असतो. निवळी उघडी राहिली की आपसूक पांढरी होते.”

“खरं सांगितलंस. बंद वर्गात एवढा कर्बवायू आला कुठून?”

“श्वासातून.”

“कुणाच्या?”

“पोरांच्या. शुक्रवारी वर्गात होती त्यांच्या.”

“मथुरा होती?”

“...होती.”

बाहेर ऊन रखरखत होतं. वर्गात मात्र गार. बाकावरून कुणी आत्ताच उठून गेल्यासारखं.

“मग पोरांचं काय चुकलं?”

“गुरुजी, तुम्हीसुद्धा? अहो, वारा आहे तो! नुसता वारा!”

“असेल. ओत मग बाहेर. पेला धू, आणि घरोघर जाऊन पोरांना दाखव. येतील.”

“हात्तिच्या! त्यात काय एवढं!”

सुदामनं पेला उचलला. ताडताड पायरीपर्यंत गेला. हात पुढं केला.

चिठ्ठीवर मथुराचं वाकडं अक्षर. आत साय जराशी हलली...

पेला काही कलंडेना.

गुरुजी जागचे हलले नाहीत. बराच वेळ त्याच्या पाठीकडं बघत राहिले.

“सुदाम, वाराच आहे ना रे? मग श्वास कशाला धरलायस?”