राहीआईचे तांबडे हात

फार फार वर्षांपूर्वी घाटाखालच्या सावरखिंडीत राही नावाची सुईण होती. रडणारं पोर तिच्या हातात आलं की गप व्हायचं आणि तिच्याकडे टुकूटुकू बघत राहायचं, असं म्हणतात.

तिच्याकडे एक विळा होता, फक्त नाळ कापायचा. त्यानं तिनं कधी भाजी चिरली नाही. जत्रेत बोकड पडायचा तेव्हा राही उठून नदीपलीकडे जाऊन बसायची. मारल्याचं रक्त सुईणीच्या हाताला लागू नये, असा त्या गावचा नेमच होता.

त्याच गावात दौल्या जन्मला, तोही राहीच्याच हातात. मोठा झाला आणि दरोडेखोर झाला. दाणे दिले नाहीत तर घर पेटवायचा. ठकूच्या नवऱ्यानं त्याला अडवलं, तर त्याला कड्यावरून ढकलून दिलं. ठकू पोटुशी होती. दौल्यानं निरोप धाडला, "मुलगा झाला तर माझ्या हवाली करा. वाढवून वैरी करायला मी खुळा नाही."

तेव्हापासून कुणी देवीला कौल लावी, कुणी ठकूच्या पोटाचा आकार बघून मुलगी म्हणे, कुणी मुलगा. "मरत कसा नाही मेला!" हे मात्र सगळेच म्हणत. चुलीपुढे म्हणत, हळू आवाजात.

भर दुपारी ठकूला कळा सुटल्या आणि दौल्या दारात येऊन उभा राहिला. राही विळा घेऊन खोलीत शिरत होती, ती बाहेर आली.

"राहीआई, काय झालं?"

"अजून काही नाही. उन्हातनं आलास, पाणी पी."

"तू खोटं बोलायची नाहीस. मला पहिला हात तुझाच लागला."

"हो रे बाबा, माझाच."

ती डाव्या हातानं तांब्यातून धार धरू लागली. ओंजळीनं पाणी प्यायला त्यानं मान वाकवली, आणि पदराआडचा विळा त्या मानेवर बसला.

आता कुणी सांगतात, त्याला साप डसला. कुणी सांगतात, देवी राहीच्या अंगात आली. सगळं झूट! राहीला सोवळी ठेवायला रचलेलं. माणसानं मारलं की माणसानं मारलं म्हणावं. पाणी पिणाऱ्याला मारलं, तेही म्हणावं. त्या घटकेला नदी वाहायची थांबली, असं म्हणतात. ते मला खरं वाटतं.

आतून ठकूची किंकाळी आली. राही उंबऱ्यावर थिजली. "ह्या हातांनी मी पोर घ्यायची नाही."

अंगणात माणसं जमली होती. एकानं तोंड उघडलं, "बरोबर आहे. आता तिनं शिवू नये." आत ठकूचा आवाज बारीक होत चालला. दुसरी सुईण डोंगरापलीकडे.

तेवढ्यात ठकूची सासू भागाई पुढं झाली. तिनं राहीचे दोन्ही हात घट्ट धरले, आपले हात रक्तानं भरवले आणि घंगाळातल्या पाण्यात बुडवले. "मरत कसा नाही म्हणून रोज कोण रडत होतं? मी! आणि तुम्ही काय आरती म्हणत होता? या इकडं!"

एकेक जण आला. शिवू नये म्हणणाराही आला. सगळ्यांनी राहीचे हात धरले, सगळ्यांनी त्याच घंगाळात हात बुडवले.

म्हणे पाणी नितळ झालं. नाही झालं. तांबडंच राहिलं. ते तांबडे हात घेऊन राही आत गेली.

मुलगी झाली.

दौल्यानं तिला नेलीच नसती. राहीला ते कळलं, तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली. आणि पोर तिच्या हातात गप झालं नाही, मोठमोठ्यानं रडलं. त्यानंतर प्रत्येक पोर रडलं. "थांबले असते तर?" असं ती मरेपर्यंत विचारायची. पण सावरखिंडीत बाळंतीण कुणीही असो, बोलावणं राहीलाच जायचं, आणि ती जायची.

आजही त्या गावात मूल व्हायचं असलं की दारात घंगाळ ठेवतात, पाण्यात कुंकू कालवतात. घरातला लहानथोर प्रत्येक जण त्यात हात बुडवतो. मग आतून पोराचं रडणं ऐकू आलं की सगळे तांबडे हात वर करून म्हणतात, "राहीआई, आम्हीपण होतो."