रावराजांची सोन्यासारखी गाडी

“तीनपैकी एक गाडी सोन्यासारखी! एक घाटात पडलेली, एक पुराच्या पाण्यात चार दिवस बुडालेली! सोन्यासारखी ओळखा आणि निम्म्या किमतीत घेऊन जा. चुकलात, तर जिच्याकडे बोट दाखवाल ती पुऱ्या एक लाख वीस हजाराला!”

ही आरोळी रावराजे दहिफळे यांची. देवखिंडीच्या नाक्यावर त्यांचं जुन्या गाड्यांचं दुकान. त्यासमोर तीन स्पोर्ट बाइक उभ्या असत: तांबडी, निळी, काळी. मॉडेल एकच, आणि तिघींना पॉलिश असं की त्यात तोंड बघून भांग पाडावा. वर अटी कडक. हात लावायचा नाही, चालू करायची नाही, मिस्त्री आणायचा नाही! ‘राजे’ ही पदवी त्यांना कुण्या गादीने दिलेली नव्हती. फ्लेक्स छापणाऱ्याने दिली होती, तीही जीएसटीसकट.

आजवर अकरा जण खेळले आणि अकराही फसले. एक गाडी गेली की दुसरी चकचकीत होऊन तिच्या जागी उभी राही. गणिताच्या गुरुजींनी नेलेल्या गाडीच्या सीटवर आता त्यांची कोंबडी अंडी घालत होती.

शनिवारी गोदा कोळपे आली. बैलबाजारातल्या दलालाची मुलगी. तिला दूध संघात नोकरी लागली होती, गावोगाव फिरून जनावरांना लस टोचायची. सोमवारी स्वतःच्या दुचाकीसकट हजर व्हायचं होतं, नाहीतर नोकरी दुसऱ्याला. शिकली होती मामाच्या फटफटीवर, मोकळ्या माळावर. रस्त्यावर चालवायची गाडी ही पहिलीच. आणि दोन वर्षं मन अडकलं होतं ते याच मॉडेलच्या गाडीत. गाठीला होते साठ हजार. चुकली, तर नोकरीही जाणार आणि डोक्यावर कर्जही बसणार.

रावराजे खुर्चीत रेलून हसले. “पोरी, ही पुढं वाकून बसायची गाडी हाय. तुला जमंल का?”

“म्हशीची धार काय उभ्यानं काढत्यात व्हय, राजे?”

गर्दी फिदीफिदी हसली. राजांनी मिशीला पीळ भरला. “लई बोलतीस! चल, दाव बोट!”

गोदा तिन्ही गाड्यांभोवती फिरली. पॉलिशखाली काय दडलंय, काही दिसेना. मग तिने गाड्यांकडे बघणं सोडलं आणि रावराजांकडे बघू लागली. वडील बाजारात तेच करत: जनावर मुकं असतं, पण धन्याचं तोंड बोलतं. तिच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. अकरा माणसं चुकली, ठीक. पण अकरातल्या एकालाही नशिबानं सुद्धा चांगली गाडी लागू नये?

तेवढ्यात राजांचा मुलगा जेवणाचा डबा घेऊन आला. त्याचं नावच युवराज. त्याच्या बुडाखाली गाडी तीच, त्याच मॉडेलची! चिखलाने माखलेली, टाकीवर ओरखडे. पण चेनला ताजं तेल, आणि इंजिनचा आवाज एका लयीत. गोदाचे डोळे लकाकले.

“राजे, ह्या तिघींत एक सोन्यासारखी हाय, हे नक्की?”

“रावराजांचा शब्द हाय!”

“मग मी बोट दावत न्हाई. तुम्हीच ती सोन्यासारखी काढा आन् युवराजांना द्या. त्यांची ही चिखलाची गाडी मला द्या, निम्म्या किमतीत. तुमचं पोरगं सोन्यावर बसंल, मी ओरखड्यांवर. तोटा झाला तर माझाच की!”

मिशी पिळता पिळता रावराजांची बोटं थांबली. “तसं... तसं अटीत न्हाई.”

“असं कसं राजे?” गर्दीतून गणिताचे गुरुजी ओरडले. “फायदाच आहे तुमचा! गणित मी शिकवतो!”

“द्या द्या! युवराजांना सोनं द्या!” गर्दी एका सुरात ओरडू लागली. दोघा-तिघांनी युवराजला उचलून काळीवर बसवायला धरलंसुद्धा.

“पप्पा, मी न्हाई!” युवराज किंचाळला. “तांबडीची चासी वाकडी हाय! निळीच्या इंजिनातनं अजून पाणी निघतंय! आन् काळी तर दोन गाड्यांची मिळून एक केलीय, तुम्हीच म्हणाला न्हवं, चुकूनसुद्धा बसू नगंस!”

पोटच्या पोरानेच बापाचं पितळ उघडं पाडलं होतं! गुरुजींनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या. रावराजांनी बाह्यांकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, आणि शहाण्या माणसासारखे सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायला लागले.

“हरलो, गोदाबाई! गुरुजी, तुमचे पैसे माघारी, सगळ्यांचेच माघारी! युवराजची गाडी तुझी. काढ साठ हजार!”

“छप्पन.”

“आं? निम्मे साठ हुतात!”

“पुढचं टायर पार गोटा झालंय. नवं चार हजाराला पडंल.”

“हात न लावता कळलं व्हय तुला?”

“हात न लावता बघायची अट तुमचीच न्हवं का, राजे?”

आता मात्र रावराजे खरंखुरं हसले, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो. “छप्पन तर छप्पन! कागद आजच हिच्या नावावर करा रे! आन् युवराज, काढ ते हेल्मेट, हिला दे. माझ्याकडनं बक्षीस!”

गोदाने हेल्मेट घातलं, पदर कमरेला खोचला आणि किक... नव्हे, बटण दाबलं. गाडी एका दमात सुरू झाली.

“पप्पा, मग मी घरी कशावर जाऊ?” युवराजने विचारलं.

अख्ख्या नाक्याने एकदम तीन गाड्यांकडे बोट दाखवलं. युवराजने भरला डबा पप्पांच्या हातात दिला आणि पायीच घरची वाट धरली.