प्रोसेसरचा गारवा

हे कुणाला सांगू नकोस असं पंख्याने मला बजावलं होतं, तरी सांगते.

फार पूर्वी, आमच्या लॅबमधला संगणक नवा होता तेव्हा, आतला प्रोसेसर तापून कासावीस झाला. तापमान मोजणारं सॉफ्टवेअर म्हणालं, “बावीस पूर्णांक सदतीस. गार आहात, साहेब.”

“मग हे चटके म्हणजे माझा भासच असणार,” प्रोसेसर पुटपुटला.

पंखा ओरडला, “अरे शहाण्या, बाहेर खोलीतच अडतीस आहे! साहेब काय माठात बसलेत?”

सॉफ्टवेअर म्हणालं, “माझा आकडा शतांशापर्यंत अचूक असतो. मी सांगेपर्यंत फिरायचं नाही.”

प्रोसेसर आता जळणार असं दिसताच पंखा हुकमाशिवाय गरगर फिरला. हळूहळू साहेबांनी डोळे उघडले.

“बघा,” सॉफ्टवेअर म्हणालं, “गारच आहेत. मी आधीच सांगितलं होतं!”

त्यावर पंखा त्याला म्हणाला, की तू— थांब, मला हाक आली. आले, बाई, आले!